चौदावी कडी

एम.ए.च्या शोधप्रबंधाला शंभरापैकी शून्य गुण मिळवणं वाटतं तितकं सोपं नाही. नुसती अनुक्रमणिका आणि संदर्भसूची जोडून दिली तरी पाच-दहा गुण पदरात पडतातच. परीक्षक झाला तरी तो माणूसच असतो. कुरणगाव विद्यापीठाच्या पत्रकारिता आणि जनसंवाद विभागात एकवीस वर्षांत कुणाला शून्य मिळालं नव्हतं. ते कावेरी खरमाटेने मिळवलं. चार महिने पायपीट करून, एकसष्ट मुलाखती घेऊन आणि दोनशे दहा पानं लिहून मिळवलं. विभागातली सगळ्यात हुशार मुलगी, दोन्ही वर्षं पहिला नंबर न सोडलेली. तिने हे कसं साधलं ते ऐकण्यासारखं आहे.

आधी मुद्रा म्हणजे काय ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी खोट्या चित्रफितींनी लोकांच्या नाकी नऊ आणले होते. न केलेलं भाषण केलेलं दिसायचं, न झालेली मारामारी झालेली दिसायची. एका निवडणुकीत तर मेलेल्या उमेदवाराने दोन सभा घेतल्या आणि दुसऱ्या सभेत टाळ्या जास्त पडल्या. मग मुद्रा कायदा आला.

त्यामागची युक्ती तशी साधी होती. प्रत्येक कॅमेऱ्याच्या आणि माइकच्या चिपमध्ये कारखान्यातच एक गुप्त आकडा कोरायचा. तो चिपच्या बाहेर कधीच येत नाही आणि दुसऱ्या कुठल्या चिपमध्ये सापडत नाही. चित्र टिपलं की चिप त्यातले लक्षावधी आकडे कुटून-चाळून त्यांचा चिमूटभर अर्क काढते, त्यात वेळ आणि ठिकाण मिसळते आणि गुप्त आकड्याने त्यावर शिक्का मारते. ही झाली मुद्रा. गुप्त आकड्याचा एक जोडीदार आकडा मात्र जगजाहीर असतो. त्याने शिक्का तपासता येतो, नवा मारता येत नाही. चित्रातला एक ठिपका जरी कुणी बदलला, तरी अर्क बदलतो, शिक्का जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते.

बातमीलाही हाच नियम लागला. बातमीतल्या प्रत्येक विधानामागे मुद्रा असलेला पुरावा हवा, आणि त्या पुराव्यापर्यंत तुम्ही कसे पोहोचलात, त्याचाही पुरावा हवा. अशी कडीला कडी जोडत साखळी पूर्ण झाली की बातमीवर हिरवी रेघ येते. एक कडी रिकामी राहिली तर बातमी राखाडी होते आणि कुणाच्याच फोनवरून पुढे सरकत नाही. खोट्या चित्रफिती वर्षभरात थंडावल्या, हे कबूल केलं पाहिजे. 'सूत्रांकडून समजते' हे दोन शब्दही त्याच वर्षात मराठी बातम्यांतून नाहीसे झाले, पण त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं.

कुरणगावच्या विभागात पहिल्याच दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनगटावर पट्टा चढायचा. त्यात कॅमेरा, माइक आणि मुद्रेची चिप. विभागातल्या प्रबंधालाही बातमीसारखीच साखळी लागायची. त्याच दिवशी प्रा. विश्वंभर तोडकर सर प्रत्येकाच्या हातात एक लाल पेनही ठेवायचे. मास्तरकी धरण्याआधी सरांनी सतरा वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काढली होती. "बातमीत विशेषण दिसलं की समजायचं, बातमीदार घरी झोपला होता," हे त्यांचं वाक्य प्रत्येक तुकडीला पाठ असायचं. पेन लाल असलं तरी माणूस मात्र अतिशय सावध. दीड वर्षाने निवृत्त व्हायचं होतं आणि कुणाच्या अध्यात-मध्यात न पडता व्हायचं होतं.

कावेरीला विषय त्यांनीच दिला होता: मुद्रा आल्यापासून सरकारी माहितीवरचा लोकांचा विश्वास वाढला का? उत्तर त्यांना ठाऊकच होतं. वाढला. टक्केवारी काढायची, तक्ते जोडायचे, जूनमध्ये पदवी घ्यायची आणि मोकळं व्हायचं.

कावेरीने नगरपरिषदेचं पाणी निवडलं, कारण कुरणगाव नगरपरिषदेला आपल्या पाण्याचा भारी अभिमान होता. पूर्वी तपासणीचा नमुना कर्मचारी मनात येईल त्या घरातून घ्यायचा. मुद्रा आल्यावर ते चालेना. कॅमेरा एका जागी पक्का बसवलेला हवा. म्हणून प्रत्येक प्रभागात एक नमुना नळ उभा राहिला, चकचकीत स्टीलचा, डोक्यावर कॅमेरा. रोज सकाळी सात वाजता त्यातून बाटली भरायची, तिथेच तपासायची आणि आकडे चौकातल्या पाटीवर दाखवायचे. शेजारी हिरवी रेघ. सगळा कारभार उघड्यावर, बोट ठेवायला जागा नाही.

लोणारगल्लीत कावेरीने घरोघर विचारलं. पाटीवर विश्वास आहे असं चौऱ्याऐंशी टक्के लोकांनी सांगितलं. आणि त्याच गल्लीत तिला अकरा घरांत कावीळ दिसली.

"आजी, पाणी तपासून घ्यावंसं नाही वाटलं?" तिने गौराबाईंना विचारलं. गौराबाईंचा नातू भिंतीकडे तोंड करून निजला होता.

"पाटीवर रोज दाखवत्यात की, पानी चांगलं हाय म्हनून," गौराबाई म्हणाल्या. "मशिन कशाला खोटं बोलंल बाई? आमचाच हंडा नीट घासला गेला नसंल. सुनंला मी लई बोलले."

कावेरीला हे ऐकून संताप आला. पोराचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेले समोर दिसत होते, तरी घरातली माणसं पाटीला सोडून सुनेला दोष देत होती. यंत्राने एवढं मात्र पक्कं केलं होतं.

इथे या गोष्टीत एक व्यक्ती येते. तिला आपण बाई म्हणू. बाई म्हटलं म्हणून ती बाईच होती असं समजू नका. ती प्रयोगशाळेत होती, व्हॉल्व्हवर होती की कचेरीत, तेही विचारू नका. मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की तिने जे सांगितलं ते तिला माहीत असणं हा तिच्या कामाचाच भाग होता.

"ते मनगटावरचं बंद कर आधी," बाई म्हणाली.

कावेरीने माइक बंद केला, कॅमेऱ्यावर झाकण सरकवलं आणि हात पुढे करून दाखवला.

"माझ्याआधी एकानं साहेबांना तोंडावर विचारलं होतं," बाई म्हणाली. "आठ दिवसांत त्याच्यावर भांडारातल्या मोटारी चोरल्याचा गुन्हा पडला. दोन वर्षं झाली, कोर्टाच्या तारखा करतोय. माझ्या घरात मी एकटीच कमावती आहे. कळलं?"

"कळलं."

"मग ऐक. फिल्टरची वाळू गेल्या दिवाळीपासून बदललेली नाही. तळ्यातलं पाणी जसंच्या तसं गावात सोडतात. आणि नमुना नळ गावाच्या पाइपावर नाहीच. नळाच्या मागं, कॅमेऱ्याला दिसत नाही तिथं, फरशीत लोखंडी झाकण आहे ना, त्याच्या खाली टाकी आहे. दर दोन दिवसांनी पहाटे गाडी येते आणि विकतच्या पाण्याचे जार त्या टाकीत रिकामे होतात. तुमचा कॅमेरा बघतो ते जारचं पाणी."

कावेरी मनातल्या मनात एकेक गोष्ट तपासत गेली. कॅमेरा खरा होता. वेळ खरी, बाटली खरी, तपासणी खरी, आकडेही खरे. मुद्रा साक्ष देते ती कॅमेऱ्यासमोर काय होतं याची. ते तिथे कसं आलं, हे तिला कुणी विचारतच नाही. उलट कॅमेरा पक्का बसवल्यामुळे नमुना कुठून घेणार हे चोराला आधीच माहीत झालं होतं. पूर्वी निदान बिचाऱ्याला सगळ्या गावाचं पाणी सांभाळावं लागायचं. आता एक नळ सांभाळला की झालं.

"तुमचं नाव कुठेही येणार नाही," कावेरी म्हणाली. "माझा शब्द."

"शब्दाला मुद्रा असते का गं?" बाईने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती निघून गेली.

पुढचे दोन महिने कावेरीने जिवाचं रान केलं. सव्वीस घरांतलं पाणी बाटल्यांत भरून परगावच्या खासगी प्रयोगशाळेत तपासून आणलं. एकोणीस बाटल्यांत सांडपाण्यातले जंतू निघाले. पहाटेची जारची गाडी रस्त्यावर उभं राहून तीनदा टिपली. सगळं मुद्रेसह. फक्त एक गोष्ट मुद्रेसह मिळणं शक्य नव्हतं: गाडी येऊन थांबते, पण जार रिकामे होतात ते कुंपणाच्या आड. झाकणाखाली टाकी आहे, हे विधान बाईच्या शब्दावर उभं होतं. प्रबंधात ती चौदावी कडी होती.

परीक्षेच्या दहा दिवस आधी विभागाच्या यंत्रावर साखळीची रंगीत तालीम घेण्याची पद्धत होती. कावेरीने पट्टा यंत्राला लावला. एक ते तेरा कड्या हिरव्या झाल्या. चौदावी रिकामी राहिली. ती राहणारच होती. पण त्याखाली यंत्राने आपण होऊन एक ओळ लिहिली: 'या विधानाच्या तारखेशी जुळणारी भेट पट्ट्यात सापडली. कडी जोडायची?' खाली तारीख, जागा, तेवीस मिनिटं, आणि त्या वेळी हातभर अंतरावर असलेल्या फोनचा क्रमांक.

कावेरीने पट्टा खसकन काढून घेतला. माइक बंद होता, कॅमेरा झाकलेला होता, पण भेटनोंद चालूच होती. विभागात क्षेत्रकार्याची हजेरी भेटनोंदीवरून लागायची. कोण किती माणसांना भेटलं, किती वेळ बसलं, ते पट्टा गुपचूप मोजत राहायचा. बाकीची पोरं चहाच्या टपरीवर बसली की ती नोंद बंद करायची. कावेरीने दोन वर्षांत एकदाही बंद केली नव्हती. हजेरीत तिचा हात कुणी धरला नव्हता. त्या हजेरीच्या हौसेपायी तिने शब्द दिला त्याच क्षणी बाईचं नाव पट्ट्यात नोंदवून ठेवलं होतं.

ती तडक तोडकर सरांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकलं आणि दार लोटून घेतलं.

"जोडून टाक," सर म्हणाले. "नाव छापलं जात नाही. गोपनीय कप्प्यात राहतं."

"कप्प्याची किल्ली कुणाकडे असते, सर?"

"विद्यापीठाकडे."

"आणि ज्याच्याविरुद्ध बातमी आहे, त्याने अपील केलं तर?"

सर पेनाचं टोपण काढत-लावत बसले. अपिलात कप्पा उघडावा लागतो, हे त्यांनीच वर्गात शिकवलं होतं.

"मग चौदावं विधान गाळ," ते म्हणाले. "बाकीचं पुष्कळ आहे."

"बाकीचं म्हणजे काय, सर? नगरपरिषदेच्या नळाला चांगलं पाणी येतं आणि गल्लीतल्या घरांत घाण निघते. म्हणजे यांचे हंडेच घाणेरडे. मी आणखी एकदा गौराबाईंच्या सुनेला शिव्या घालायच्या?"

"कावेरी, मी तुझ्या वयाचा असतो तर नाव सांगितलं नसतं, असं म्हणायला मला आवडलं असतं." सरांनी पेन खाली ठेवलं. "पण मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा मलाही एकाचं नाव विचारलं होतं. मी सांगितलं होतं. त्या माणसाची गडचिरोलीला बदली झाली. मला बढती मिळाली."

 सरांचा राग यावा की कीव, हे कावेरीला ठरेना. तिने पट्टा उचलला आणि ती बाहेर पडली.

तालमीत यंत्र पट्टा नुसता वाचतं, उतरवून घेत नाही; त्यामुळे भेटनोंद अजून फक्त पट्ट्यात होती. परीक्षेच्या दिवशी पट्टा जमा केला की आतलं सगळं विद्यापीठाच्या यंत्रात उतरणार होतं. तेवढी एकच नोंद खोडता आली असती तर प्रश्नच मिटला असता. पण पट्टा असा बनवला होता की प्रत्येक नोंदीच्या अर्कात आधीच्या नोंदीचा अर्क मुरवलेला. मधली एक काढली की पुढच्या सगळ्या खोट्या ठरतात. दह्यातून विरजण वेगळं काढता येत नाही, तसलाच प्रकार. म्हणजे ठेवायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. एकसष्ट मुलाखती, सव्वीस बाटल्या, जारची गाडी, चार महिने आणि एम.ए.ची पदवी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एक फोन क्रमांक.

घरी आईने पेढ्यांचा विषय कधीच काढला होता. घराण्यात एम.ए. झालेली पहिलीच मुलगी. कावेरी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेली आणि तिने पाट्यावरचा वरवंटा उचलला.

"काय वाटायचंय गं?" मेसच्या अनुसयामावशींनी विचारलं.

"वाटायचं नाही, मावशी. एकाचं तोंड बंद करायचंय."

पहिल्या घावाला पट्ट्याची काच फुटली. चिप नखाएवढी होती, पण हट्टी. पाच घाव बसल्यावर तिची भुकटी झाली. कावेरी रडत होती आणि मारत होती.  मावशींनी केरसुणी आणि सुपली तेवढी पुढे केली.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून डॉ. श्रीरंग पाटणकर आले होते. मुद्रेचे नियम ठरवणाऱ्या समितीत ते होते. आवाज मऊ, वागणं सभ्य, दोनशे दहा पानं खरोखर वाचून आलेले. शेजारी तोडकर सर टेबलाकडे बघत बसले होते.

"उत्तम काम आहे," पाटणकर म्हणाले. "आता पट्टा द्या, साखळी जोडून घेऊ."

कावेरीने कागदाची पुडी टेबलावर ठेवली. पाटणकरांनी ती उघडली आणि लगेच मिटली.

"अपघात झाला का? अपघाताची तरतूद आहे. सहा महिन्यांनी पुन्हा बसता येतं."

"नाही सर. वरवंट्याने फोडला. मुद्दाम."

तोडकर सरांनी मान वर केली.

"चौदाव्या कडीसाठी?" पाटणकरांनी विचारलं. माणूस हुशार होता. "मला खासगीत सांगा. मी लिहून घेत नाही."

"त्या व्यक्तीनेही मला खासगीतच सांगितलं होतं, सर."

"खरमाटे, आम्ही मुद्रा हौस म्हणून आणली नाही. खोट्या चित्रफितीपायी माझ्या सख्ख्या मावसभावाचं दुकान जमावाने जाळलं. पुरावा नसेल तर तुमच्या या दोनशे दहा पानांत आणि त्या चित्रफितीत फरक काय?"

प्रश्न खरा होता आणि तो मनापासून विचारलेला होता. कावेरीनेही मनापासून उत्तर दिलं.

"फरक बघता येतो, सर. लोणारगल्ली इथून दोन किलोमीटर आहे. आत्ता चला, झाकण उचलू. मी खोटी निघाले तर पोलिसांत द्या."

"परीक्षकाने घटनास्थळी जाण्याची तरतूद नाही."

"म्हणूनच ते झाकण आजवर कुणी उचललं नाही."

पाटणकरांनी गुणपत्रिका पुढे ओढली. "तुम्ही खरं बोलताय असं मला वाटतं," ते अखेर म्हणाले. "पण मला वाटतं, याला गुण देता येत नाहीत. साखळीच नसेल तर नियमाने शून्य."

"मग शून्य लिहा, सर."

आणि त्यांनी ते लिहिलं.

विभागाच्या जिन्यापाशी एक फळा होता आणि त्यावर 'चावडी' नावाचं भित्तिपत्रक लागायचं. विद्यार्थ्यांनी हाताने लिहायचं, महिन्यातून एकदा लावायचं, अशी पहिल्या तुकडीपासूनची पद्धत. ते कुणी वाचत नसे. मुद्रा कायद्यात पडद्यावरच्या बातमीचा बंदोबस्त केलेला होता. भिंतीवरच्या कागदाची कुणाला आठवणच राहिली नव्हती. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी कावेरी जमिनीवर मोठे कार्डशीट पसरून लिहीत बसली होती, तेव्हा समोर तोडकर सरांच्या चपला येऊन थांबल्या. आता हे हात जोडणार, माझ्या निवृत्तीवर पाणी ओतू नकोस म्हणणार, असं तिला वाटलं. सरांनी खिशातून लाल पेन काढलं आणि ते उकिडवे बसले.

"'भयंकर' काढ," ते म्हणाले. "'निर्लज्ज'ही काढ. टाकी आहे म्हणालीस की निर्लज्ज कोण ते वाचणाऱ्याला कळतं. आणि ही बातमी चौथ्या परिच्छेदात का लपवलीस? वर घे."

तिने वर घेतली. सरांनी पुन्हा वाचलं, दोन ठिकाणी रेघा मारल्या.

"सर, इथे कडी रिकामी आहे."

"दिसतंय मला. रिकामीच ठेव." मग त्यांनी तळाला आपल्या हाताने लिहिलं: संपादक, विश्वंभर तोडकर. 

सोमवारी सकाळी सातची बाटली भरून कर्मचारी गेला, पाटीवर हिरवी रेघ आली, आणि कावेरीने खळ लावून 'चावडी' नमुना नळाच्या कुंपणावर चिकटवली. लोणारगल्लीतल्या बायका जमल्या. एकीने मोठ्याने वाचून दाखवलं. नळ गावाच्या पाइपावर नाही. झाकणाखाली टाकी आहे. टाकीत जारचं पाणी असतं. शेवटी लिहिलं होतं: 'ही माहिती देणाऱ्याचं नाव आम्ही सांगणार नाही.'

"कुनी सांगितलं गं तुला?" गौराबाईंनी विचारलं.

"ते नाही सांगणार, आजी. आणि माझ्यावर विश्वासही ठेवू नका. झाकण समोर आहे."

गौराबाई झाकणाकडे बघत राहिल्या. मग त्या सुनेकडे वळल्या. काय मनात आलं कुणास ठाऊक, पण त्यांचा आवाज चढला. "घरातली पहार आन."

नळावरचा पहारेकरी धावत आला. "ओ आजी, सरकारी मालमत्ता हाय. हात लावायचा न्हाय."

"पानी आमच्या पोटात जातंय आन् झाकन तुज्या बापाचं व्हय रं?"

कुंपणाचं फाटक ढकलून बायका आत शिरल्या. पहार सुनेने लावली. तिचा जोर बघून दोघीतिघी पुढे झाल्या. झाकण कुरकुरलं आणि बाजूला पडलं. खाली काळी टाकी होती, नळाकडे जाणारा हातभर पाइप होता, आणि घाईत कुणीतरी विसरलेला विकतच्या पाण्याचा एक निळा जार. गावाच्या पाइपाचा पत्ता नव्हता. सून तिथेच खाली बसली आणि हमसाहमशी रडायला लागली. गौराबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग तीस-चाळीस फोन वर झाले. प्रत्येक फोनची चिप आपापला शिक्का मारत होती. नळाच्या डोक्यावरचा नगरपरिषदेचा कॅमेराही पुढ्यातली गर्दी इमानेइतबारे टिपत होता. तुम्हाला हे कसं कळलं, असं यंत्राने विचारलं तेव्हा बायकांनी एकच उत्तर भरलं: झाकण उचललं, डोळ्यांनी बघितलं. साखळी तिथेच सुरू झाली आणि तिथेच पूर्ण झाली. दुपारपर्यंत राज्यातल्या सगळ्या वाहिन्यांवर हिरव्या रेघेखाली तो निळा जार होता. बाई त्या गर्दीत होती की नव्हती, ते मला विचारू नका.

तीन आठवड्यांनी डॉ. पाटणकरांचा फोन आला. मुख्याधिकारी निलंबित झाले होते, सतरा गावांत नमुना नळांची झाकणं उचलली गेली होती, आणि समिती नियम बदलायच्या विचारात होती.

"अभिनंदन," पाटणकर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. "तुमचा निकाल फिरवायला विद्यापीठ तयार आहे. पदवीदान पुढच्या महिन्यात आहे, आईला घेऊन या. फक्त फाईल पूर्ण करायला चौदाव्या कडीत नाव लागेल. आता त्या व्यक्तीला कसला धोका? उलट सत्कार होईल."

कावेरीच्या डोळ्यांसमोर आई आली. पेढ्यांचा विषय आईने परत काढला नव्हता, आणि तेच जास्त लागलं होतं. 

"सर, नाव सांगायची गरज होती तेव्हा मी सांगितलं नाही," ती म्हणाली. "आता तर गरजही उरली नाही."

"अहो, पण पदवी? हट्टाला काही अर्थ हवा."

"अर्थ आहे. गावात अजून पुष्कळ झाकणं आहेत. त्यातलं एखादं ज्याला ठाऊक आहे, तो माणूस आज बघत असेल, हिने पदवीसाठी तोंड उघडलं का. शून्य राहू द्या, सर."

दर सोमवारी बाजारतळाच्या भिंतीवर 'चावडी' लावायचं तिने आता ठरवूनच टाकलं होतं. सर शनिवारी लाल पेन घेऊन यायचे. फोननंतरच्या सोमवारी ती खळ लावत असताना पन्नाशीचा एक माणूस बराच वेळ बाजूला घुटमळत राहिला. आजूबाजूची माणसं पांगल्यावर तो जवळ आला.

"खरमाटे तुम्हीच ना?" त्याने खालच्या आवाजात विचारलं. "फोन घरी ठेवून आलोय."